बेलोऱ्याचे आकाश आणि ‘वैमानिकाची चूक’

१६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून निघालेले अलायन्स एअरचे विमान बेलोऱ्याच्या धावपट्टीवर उतरले आणि अमरावतीकरांची अनेक वर्षांची मागणी एकदाची पुरी झाली. हारतुरे, भाषणे, श्रेयाची ओढाताण हे सारे यथासांग पार पडले. परंतु बेलोऱ्याच्या विमानतळाचे खरे भवितव्य त्या प्रवासी विमानाशी निगडित नाही. एअर इंडियाने येथे वैमानिकांची प्रशिक्षणशाळा काढण्याचे २०२४ साली जाहीर केले. दरवर्षी १८० वैमानिक तयार करण्याचा तिचा संकल्प आहे, आणि त्यासाठी ३४ विमानांची मागणी नोंदविण्यात आली. त्यांतील ३१ विमाने अमेरिकेच्या पायपर कंपनीची एका इंजिनाची ‘आर्चर डीएक्स’ आहेत, तर तीन डायमंड कंपनीची दोन इंजिनांची आहेत. प्रवासी विमान यायचे तेव्हा येईल आणि जायचे तेव्हा जाईल. शाळेची विमाने मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेतांवरून घिरट्या घालणार, टेकणार आणि पुन्हा उठणार. ज्यांच्या डोक्यावरून ती उडणार त्यांना, आणि ज्यांची मुले ती उडविणार त्यांनाही, या यंत्राचा इतिहास ठाऊक असणे आवश्यक आहे. जाहिरातीत तो दिला जात नाही.

‘आर्चर’ हे पायपरच्या पीए-२८ या कुळातले विमान. या कुळातील पहिले विमान १९६० साली उडाले आणि ‘चेरोकी’ या नावाने विकले जाऊ लागले. त्याच्या जनकांपैकी एक फ्रेड वेक. पिकांवर औषध फवारणारे ‘पॉनी’ विमानही याच माणसाच्या आराखड्यातले होते. सहा दशकांत या कुळातील तीस हजारांहून अधिक विमाने कारखान्याबाहेर पडली आणि जगभरच्या उड्डाणशाळांतून लाखो नवशिक्यांनी त्यांवर हात बसविला. विमान गरीब स्वभावाचे आहे. वेग फार कमी झाला तरी ते एकाएकी तोल टाकीत नाही; आधी थरथरते, इशारा देते, मग नाक खाली घालते. त्याचा लौकिक चांगला आहे आणि तो खराही आहे. पण गरीब बैलालाच अधिक ओझे ओढावे लागते, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला नव्याने सांगावे लागणार नाही.

असली विमाने पडतात ती कशाने? अमेरिकेत लहान विमानांच्या अपघातांची दशकानुदशकांची मोजदाद झालेली आहे. तिच्यानुसार सुमारे तीन-चतुर्थांश अपघातांचे खापर वैमानिकाच्या कृतीवर फुटते. संख्येने सर्वाधिक अपघात उतरताना होतात. विमान धावपट्टीवर आपटते, उसळते, बाजूच्या खड्ड्यात जाते. त्यांत पत्रा वाकतो, माणूस बहुधा वाचतो. जीव जातात ते जमिनीजवळ मंद गतीने तीव्र वळण घेताना, किंवा ढगांत आणि डोंगरांत शिरल्याने. परंपरागत चेरोकीची आणखी एक खोड प्रसिद्ध आहे. तिच्या दोन्ही पंखांत इंधनाची एकेक टाकी असते, आणि दोहोंतून एकाच वेळी इंधन घेण्याची सोय नसते. वैमानिकाने ठरावीक वेळाने खटका फिरवून टाकी बदलायची. तो विसरला की एका टाकीत भरपूर इंधन असताना इंजिन कोरडे पडून बंद होते. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचून इंजिन गुदमरणे हेही जुन्याच दुखण्यांपैकी एक. दमट हवेत, बाहेर थंडी नसतानादेखील, तसे घडू शकते. शिवाय या विमानाला दार एकच, उजव्या पंखावर उघडणारे. आग लागली तर दोघातिघांनी त्याच एका वाटेने बाहेर पडायचे.

या यादीत वऱ्हाडने आपली भर घालावी असे एक कारण आहे, ते म्हणजे ऊन. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि पंख्याची पकड सैल पडते. विमान धावपट्टीवर अधिक लांब धावते आणि उठल्यावर सावकाश चढते. बेलोरा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीनशे मीटरवर आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तेथील हवा प्रमाणित वातावरणात जवळजवळ दीड हजार मीटर उंचीवर असते तितकी विरळ होते. म्हणजे विमान उभे असते बेलोऱ्यात, पण हवेच्या हिशेबाने ते चिखलदऱ्याच्याही वर असते. १,८५० मीटरची धावपट्टी अशा लहान विमानाला पुरून उरते, हे मान्य. पण धावपट्टी संपल्यानंतरचे पहिले शेदोनशे मीटर चढणे हीच धोक्याची घटका असते. त्या घटकेला इंजिन मंदावले तर नवशिक्याच्या हाती काही सेकंदांचाच अवकाश राहतो. घाबरून त्याने धावपट्टीकडे परत वळण्याचा प्रयत्न केला तर विमान त्या वळणातच कोसळते. दुपारच्या ठरावीक तासांत उड्डाण नाही, एवढा साधा नियम अनेक जीव वाचवू शकतो. मात्र त्या नियमाने दिवसाचे तीन-चार तास यंत्र उभे राहते, आणि उभे यंत्र भांडवलाला सोसत नाही.

हे सारे दोष माणसाच्या हाती आहेत असे म्हणता येईल. पण याच कुळाच्या इतिहासात असे एक प्रकरण आहे की ज्यात वैमानिकाकडे बोट दाखविण्याची सोयच उरली नाही.

४ एप्रिल २०१८ रोजी फ्लॉरिडा राज्यातील डेटोना बीच येथे एम्ब्री-रिडल या नामांकित विमानविद्यापीठाचे एक पायपर विमान धावपट्टीला स्पर्श करून पुन्हा वर उठले. आर्चरचेच हे भावंड, ‘अ‍ॅरो’ नावाचे. आत एक विद्यार्थी आणि त्याची परीक्षा घेणारा परीक्षक होता. जमिनीपासून काहीशे मीटरच्या आतच त्याचा डावा पंख तुटून पडला. दोघेही ठार झाले. विमान २००७ साली बनलेले, म्हणजे जुनेपुराणे नव्हे. देखभालीच्या वह्या नेटक्या होत्या. तपासात आढळले की पंखाचा सारा भार वाहणाऱ्या मुख्य तुळईत, बोल्टच्या भोकाशी, धातूच्या थकव्याने तडा गेला होता आणि तो आतल्या आत वाढत गेला होता. बाहेरून डोळ्यांनी तो दिसण्याजोगा नव्हता. त्या विद्यापीठाची इतर विमाने तपासली तेव्हा आणखी एका विमानाच्या पंखात तसाच तडा सापडला. साडेसात हजारांहून अधिक तास ते विमान उडाले होते, आणि ते कसे? कमी उंचीवर, तापल्या हवेच्या हेलकाव्यांत, दिवसातून कितीतरी वेळा धरणीवर आदळत. नवशिक्याचे प्रत्येक कठोर उतरणे त्या तुळईने सोसले होते.

ही विद्या त्या दिवशी नव्याने उपजली असती तर दुःख करून थांबता आले असते. तशी स्थिती नव्हती. मार्च १९८७ मध्ये टेक्सासमध्ये याच कुळातील एका विमानाचा पंख असाच हवेत निखळला होता. ते विमान तेलवाहिन्यांवर पहारा देण्यासाठी नित्य कमी उंचीवरून उडविले जात असे. अमेरिकेच्या विमान प्रशासनाने तेव्हा या विमानांच्या पंखांची तपासणी सक्तीची केली. पुढे १९८९ साली, तो अपघात एकाकी प्रकार होता असा निष्कर्ष काढून, आदेश मागे घेण्यात आला. तपासणीसाठी पंख उतरवावा लागे. मालकांना ते महाग पडे. प्रशासनाचा निष्कर्ष प्रामाणिक असेलही. पण आदेश मागे घेतला आणि एकोणतीस वर्षांनी दोन माणसे पंखावाचून खाली आली, हा क्रम पुसता येत नाही.

त्यानंतर २०२१च्या आरंभी जो नवा आदेश लागू झाला त्यातील एक हिशेब प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेण्याजोगा आहे. या कुळातील अनेक उपप्रकारांच्या तुळईची एडी करंट नावाच्या पद्धतीने, म्हणजे डोळ्याला न दिसणारा तडा विजेच्या साहाय्याने हुडकून, परीक्षा करावी असे त्यात सांगितले आहे. ती केव्हा? तर विमानाचे ‘भारित तास’ ५,००० झाले की. हे भारित तास मोजण्याची रीत अशी: भाड्याने किंवा प्रशिक्षणासाठी वापरलेल्या विमानाची दर शंभर तासांनी जी सक्तीची तपासणी होते, त्या तपासण्यांचे तास पुरेपूर धरायचे, उरलेले, म्हणजे हौशी मालकाने उडविलेले तास, सतराने भागायचे. मालकाने सतरा तास हौसेने उडावे, तेव्हा तुळईची जेवढी झीज होते, तेवढी शाळेत एका तासात होते, असे खुद्द सरकारी गणिताने मान्य केले आहे. राबणाऱ्या यंत्राचे आयुष्य आणि मिरविणाऱ्या यंत्राचे आयुष्य एका पट्टीने मोजता येत नाही, ही गोष्ट गिरणीतल्या कामगाराने शंभर वर्षांपूर्वीच सांगितली असती.

हे गणित बेलोऱ्याला लावून पाहावे. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण लागते. वर्षाला १८० विद्यार्थी धरले तर ३६,००० तास होतात. ते ३४ विमानांत वाटले तर प्रत्येक विमानाच्या वाट्याला वर्षाकाठी हजार तासांहून अधिक येतात. हिशेब ढोबळ आहे. त्यातून सिम्युलेटरचे तास वजा केले तरी पाच-सहा वर्षांत आज कोरे करकरीत असलेले विमान त्या ५,००० तासांच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहते. हौशी मालकाच्या हाती त्या उंबरठ्याशी पोहोचायला एक आयुष्य पुरत नाही. तेव्हा बेलोऱ्याची विमाने नवी आहेत, हे उत्तर फार थोड्या दिवसांचे आहे.

नव्या इंजिनाबद्दलही असेच म्हणावे लागते. आर्चर डीएक्स जेट-इंधनावर चालणाऱ्या डिझेल इंजिनाचे आहे. त्याला कार्ब्युरेटर नाही, त्यामुळे बर्फ साचण्याचे जुने दुखणे गेले. इंधन-हवेचे मिश्रण जुळविण्याचे कामही वैमानिकाच्या हातून निघून संगणकाकडे गेले. हा लाभ खरा आहे. परंतु संगणकाला वीज लागते. याच इंजिनाच्या पूर्वजाची, थिलर्ट कंपनीच्या इंजिनाची, एक कथा आहे. मार्च २००७ मध्ये जर्मनीतील श्पायर येथे दोन थिलर्ट इंजिनांचे एक डायमंड डीए-४२ विमान बाहेरच्या विजेने सुरू करण्यात आले, कारण त्याची बॅटरी उतरलेली होती. उड्डाण होताच वैमानिकाने चाके आत घेण्याचा खटका दाबला. त्या भाराने विजेचा दाब क्षणभर कोसळला आणि दोन्ही इंजिने एकाच वेळी बंद पडली. दोन इंजिने म्हणजे दुप्पट सुरक्षितता, हा समज एका थकलेल्या बॅटरीने खोटा पाडला. पुढे सुधारणा झाल्या, बॅटऱ्यांची तरतूद बदलली. पण एक दोष घालवताना दुसरा पाठीमागच्या दाराने आत येतो, हे यंत्राच्या इतिहासात नेहमीचेच आहे; आणि तो पहिल्यांदा भेटतो तो विमान उडविणाऱ्याला, विकणाऱ्याला नव्हे.

अमेरिका आणि जर्मनी दूर आहेत. महाराष्ट्राचा स्वतःचा जमाखर्चही बोलका आहे. यांतील विमाने निरनिराळ्या बनावटींची होती, पण शाळा याच प्रकारच्या. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या शाळेचे विमान जळगाव जिल्ह्यात चोपड्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पडले. प्रशिक्षक गेला, जखमी विद्यार्थिनीला आदिवासी गावकऱ्यांनी कापडाची झोळी करून चिखलातून बाहेर काढले. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात एकटीने उड्डाण करणाऱ्या विद्यार्थिनीचे सेसना-१५२ कोसळले, ती वाचली. १८ मार्च २०२३ रोजी गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून उडालेले डायमंड डीए-४० बालाघाटच्या डोंगरात आदळले, त्यात दोघांचा अंत झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात बारामतीत एकाच संस्थेची दोन विमाने १९ आणि २२ तारखेला, म्हणजे चार दिवसांच्या आत, खाली आली. तेव्हा कोठे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या संस्थेची उड्डाणे थांबविली.

महासंचालनालय आधी काय करीत होते, असा प्रश्न विचारला की उत्तर संसदेच्याच कागदपत्रांत मिळते. संसदीय स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये नोंदविले की या कार्यालयातील १,०६३ मंजूर पदांपैकी भरलेली पदे ५५३ आहेत. जवळपास निम्म्या खुर्च्या रिकाम्या! त्याच वर्षी उड्डाणशाळांची पहिली श्रेणीवारी जाहीर झाली, आणि देशातील एकही शाळा वरच्या दोन श्रेणींत बसली नाही. विमानांची मागणी शेकड्यांनी नोंदविणाऱ्या देशात तपासनीसांची मागणी मात्र नोंदविली जात नाही.

अशा वेळी ‘वैमानिकाची चूक’ हे दोन शब्द सर्वांच्याच सोयीचे ठरतात. मेलेला वैमानिक प्रतिवाद करीत नाही. वास्तविक, अपघाताच्या तपासाचा हेतू दोष वाटणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे, असे आंतरराष्ट्रीय करारातच लिहिलेले आहे. पण आपल्याकडे अपघातांचा तपास करणारे कार्यालय ज्या मंत्रालयाच्या छताखाली आहे, परवाने देणारे कार्यालयही त्याच छताखाली आहे. तपास वर चढत गेला तर तो आपल्याच जिन्यावर येऊन थांबतो. म्हणून तो बहुधा विमानाच्या आसनापाशीच थांबवला जातो. विद्यार्थ्याने टाकी बदलली नाही, हे खरे. पण त्या दिवशी त्याचे कितवे उड्डाण होते? त्याच्या शेजारचा प्रशिक्षक किती तासांच्या झोपेवर आला होता? अनेक शाळांतून प्रशिक्षकाची कमाई उड्डाणाच्या तासांशी बांधलेली असते. आभाळ भरून आले तरी ‘उडू नका’ म्हणणे म्हणजे त्याने स्वतःच्या खिशात हात घालणे. विद्यार्थ्याच्या बापाने अर्ध्या कोटीच्या घरात जाणारे शुल्क कर्ज काढून वा वावर विकून भरलेले असते. दिवस वाया गेला की व्याज चढते. मालकाला तास हवे, प्रशिक्षकाला तास हवे, विद्यार्थ्यालाही तासच हवे. सगळ्यांची घाई एकाच दिशेने धावते, आणि ती जेथे फुटते तेथे फक्त एक विशी-बाविशीतला मुलगा बसलेला असतो.

वऱ्हाडला ही तऱ्हा अपरिचित नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हाही चौकशीचे बोट आधी त्यांच्याकडेच वळले. तोंडाला फडके बांधले नाही, हातमोजे घातले नाहीत, औषध प्रमाणाबाहेर मिसळले! विषारी मिश्रणे बाजारात कोणी आणली, विकताना कोणी समजावून सांगितले, मुखवटा घेण्याइतकी मजुरी कोणी दिली, हे प्रश्न मागाहून आणि तेही चळवळीने विचारले म्हणून आले. फवारणी करणारा मजूर आणि परवान्यासाठी धडपडणारा वैमानिक यांच्या सुस्थितीत अंतर फार आहे. पण दोघांच्या मृत्यूची नोंद करणारी लेखणी एकच आहे.

याचा अर्थ शाळा नको असा नव्हे. विमानविद्या ही श्रीमंतांची हौस राहू नये, हीच समाजवादी भूमिका आहे. या देशाने कधीकाळी ‘पुष्पक’ नावाचे प्रशिक्षण विमान हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात स्वतः बनवून फ्लाइंग क्लबांना दिले होते. नागपूरचा सरकारी क्लब विदर्भातल्या मुलांना हाताशी होता. तो क्लब पुढे अनेक वर्षे ठप्प ठेवला गेला. १९५३ साली राष्ट्राच्या मालकीची झालेली एअर इंडिया २०२२च्या जानेवारीत टाटांच्या हवाली झाली, आणि आता तिची शाळा सरकारी विमानतळावर येत आहे. धावपट्टी जनतेच्या पैशाची आहे. तेव्हा हिशेब मागण्याचा अधिकारही जनतेचा आहे.

अकोल्याने या बाबतीत प्रेक्षक राहू नये. शिवणीची धावपट्टी सुमारे १,४०० मीटरची. तिच्या विस्ताराचा प्रश्न जमिनीपाशी वर्षानुवर्षे अडून राहिला. विस्तार झाला की नियमित प्रवासी सेवा येईल असे सांगितले जाते. पण मोकळी सरकारी धावपट्टी दिसली की उड्डाणशाळांची नजर तिच्याकडे वळते, हा बारामती-गोंदियाचा अनुभव आहे. बेलोऱ्याहून हवेतून ती शंभर किलोमीटरच्याही आत आहे. जमीन देण्याघेण्याची बोलणी चालू असतानाच अटी घालता येतात. करारावर सह्या झाल्यावर फक्त निवेदने देता येतात.

या अटी अवघड नाहीत. प्रत्येक विमानाचे तास, कठोर उतरण्याच्या नोंदी आणि पंखाच्या तुळईच्या परीक्षेची तारीख दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध व्हावी. प्रशिक्षकाला मासिक वेतन असावे, तासावर नव्हे. एप्रिल ते जून भर दुपारी नवशिक्यांची उड्डाणे बंद राहावीत. बिघाडाची माहिती देणाऱ्या तंत्रज्ञाला आणि विद्यार्थ्याला नोकरीचे वा शुल्काचे भय नसावे. विमानतळाभोवतीच्या गावांत पोलीस पाटलापासून आशा कार्यकर्तीपर्यंत सर्वांना, विमान पडले तर कोणत्या बाजूने जावे आणि इंधनापासून किती दूर राहावे, हे शिकविले जावे. कारण चोपड्याला पहिले मदतकार्य गावकऱ्यांनीच केले होते. आणि अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात भाजलेल्या माणसासाठी आज किती खाटा सज्ज आहेत, हा प्रश्न जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत लेखी विचारला गेला पाहिजे, आणि त्याचे उत्तर लेखीच घेतले गेले पाहिजे.